सारागोसात घेतलेलं नाव

परत आल्यापासून कॉलनीतल्या बायका मला दोनच गोष्टी विचारतात. तिकडं खाण्याचे हाल झाले का, आणि भाषा आली का. खाण्याचे हाल झाले नाहीत. भाषेचं मात्र सविस्तर सांगावं लागेल. तीन महिन्यांत मला जेवढी स्पॅनिश आली, त्याच्या दुप्पट मी ती बिघडवून आले. बहुतेक चुकांवर लोक हसले आणि मीही हसले. एका चुकीनं मात्र एका भल्या बाईचं मन दुखावलं, आणि ते निस्तरताना माझ्या तोंडून एक असा शब्द गेला जो चौतीस वर्षांच्या संसारात कधी गेला नव्हता.

आधी माणसं सांगते. आमची शीतल स्पेनमधल्या सारागोसा नावाच्या शहरात झाडांच्या रोगांवर संशोधन करते. एकटी राहते. लग्नाचा विषय काढायचा नाही, या अटीवर तिनं आमची तिकिटं काढली होती. मी निलंगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मराठी शिकवून निवृत्त झाले. आमचे हे एसटीत कंट्रोलर होते. बिदरकडं जाणारी गाडी कितव्या फलाटावर लागली आहे, हे माइकवरून सांगण्यात त्यांची उमर गेली. आता माइक नाही, पण घरात मीठ मागायचं झालं तरी आवाज तोच असतो.

विमानप्रवासाचं वर्णन करत नाही. पाय सुजले आणि चहा वाईट होता, एवढं पुरे.

वारा

नांदेडला जशी गोदावरी शहराला खेटून वाहते तशी इथं एब्रो नदी आहे. काठावर उंच मनोऱ्यांचं भलंमोठं चर्च आहे, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात असतात तसे तिथंही लांबून आलेले भाविक डोकं टेकत असतात. शहराबाहेर गेलं की हिरवं काही दिसत नाही. मातकट, उघडा माळ लांबवर पसरलेला. पहिल्याच रविवारी शीतल आम्हाला गाडीतून फिरवायला घेऊन गेली, तेव्हा हे खिडकीतून बघत म्हणाले, "आगं, ह्ये तर औशाफुडचं रानच हाय की! इतक्या लांब कशाला आनलंस?"

पण आपल्याकडं तो वारा नाही. उत्तरेकडून येतो, थंड असतो आणि थांबायचं नाव घेत नाही. तिथले लोक त्याला सिएर्सो म्हणतात आणि घरातल्या खाष्ट म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात. पहिल्याच दिवशी पुलावर त्यानं ह्यांची टोपी उडवली आणि एब्रोत टाकली. हे कठड्याला धरून खाली बघत राहिले. "आपल्या मांजरा नदीत पडली असती तर तेलंगणात तरी निघाली असती," म्हणाले. मी साडीवर शीतलचा जाड कोट घालून, पदर कमरेला खोचून चालत होते. लोक बघत होते, पण वाईट नजरेनं नाही.

जेवण झालं का

शीतल सकाळी कामावर जाई ती संध्याकाळी येई. दिवसभर आम्ही दोघं. निघण्यापूर्वी मोबाइलवर थोडी स्पॅनिश शिकले होते, आणि पहिलं वाक्य मी माझ्या गरजेचं पाठ केलं होतं. जिन्यात, दारात कुणी भेटलं तर आपण काय म्हणतो? जेवण झालं का. मी तेच शिकून घेतलं: "या आ कोमिदो?"

आमच्या वरच्या मजल्यावर एन्कार्ना नावाची बाई राहायची. सत्तरीच्या पुढची, बुटकी, केस कापलेले, कमरेला कायम एप्रन. पहिल्या दिवशी दुपारी ती जिन्यात भेटली. मी हसून विचारलं, जेवलात का? ती म्हणाली, अजून नाही, आणि थांबून माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवून घरात गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला बेल वाजली. दारात एन्कार्ना, हातात झाकलेला तवा, काखेत पाव.

आमची जेवणं होऊन भांडी घासून झाली होती. तिकडं दुपारचं जेवण अडीच-तीनला असतं हे मला ठाऊक नव्हतं. जेवलात का असं विचारलं की ते आमंत्रण होतं, हेही नव्हतं. तिच्या हिशेबानं मी तिला रोज जेवायला बोलवत होते आणि रोज दार लावून घेत होते. शेवटी तिनंच माझा संकोच मोडायचं ठरवलं होतं.

मी धावपळ करत पिठलं टाकलं, नेलेल्या पिठाच्या दोन भाकरी थापल्या. तिनं तव्यावरचं झाकण काढलं. शिळ्या पावाचा चुरा, भरपूर लसूण आणि तेलात परतलेला, वरून द्राक्षं. ते म्हणतात मिगास. ह्यांनी एक घास घेतला आणि ओरडलेच, "आगं, कुस्करा! आपून भाकरीचा करतो, ही पावाचा करती!" एन्कार्नाला शब्द कळला नाही, पण आवाज कळला. ह्यांनी दोनदा जेवून दाखवलं. तिनं पिठलं पावाला लावून खाल्लं, डोळे पुसले, आणखी घेतलं. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला वर बोलावलं आणि चुरोस नावाची तळलेली, आपल्या शेवेची थोरली बहीण शोभेल अशी वस्तू पुढं केली. ह्यांनी रीतीप्रमाणे "नो, नो" केलं. आपल्याकडं तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं असतं. तिथं पहिल्या नकाराला ताट उठलं. एन्कार्नानं ते खरोखर आत नेऊन ठेवलं, आणि हे स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. जिना उतरताना म्हणाले, "ह्या मुलखात लाजून जमायचं न्हाई बग."

एन्कार्नाचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. त्याचं नाव हेसूस. आपण येशू म्हणतो तेच नाव, आणि तिकडं ते माणसांना सर्रास ठेवतात. त्याचा फोटो टीव्हीशेजारी होता आणि एन्कार्ना त्याच्याशी दिवसभर बोलायची. हेसूस, टोमॅटो बघ किती महाग झालेत. हेसूस, या बाईच्या हातातल्या बांगड्या बघ. त्या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या मधल्या एका चौकोनी बोळात उघडत. सकाळी मी चहा ठेवला की वरून तिचं "हेसूस!" ऐकू यायचं. पहिल्यांदा मला वाटलं, मुलगा झोपला असेल, त्याला उठवते आहे.

वर्ग

शीतलनं माझं नाव मोहल्ल्यातल्या मोफत स्पॅनिश वर्गात घातलं. परदेशातून आलेल्यांसाठी असतो तो. ह्यांचंही घातलं होतं, पण हे एक दिवस बसले आणि म्हणाले, "मी उभं राहून बोलनारा मानूस. मला बाकावर बसवू नकोस." मग ते समोरच्या चौकात जाऊ लागले. तिथं म्हातारे लोक लोखंडी गोळ्यांचा एक खेळ खेळत. आपल्या गोट्याच, पण वजनदार. आठवडाभरात हे तिथले पंच झाले. कुणाचा गोळा जवळ पडला हे मराठीत जाहीर करत आणि सगळे मानत.

आमच्या बाईंचं नाव मार्ता. शीतलपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, फार गोड. तिनं हजेरी घेतली: "कामाल बाइखनात." तिकडं 'व'चा 'ब' होतो आणि 'ज'चा 'ख'; शिवाय प्रत्येकाला दोन आडनावं असतात, म्हणून पासपोर्टवरच्या माझ्या मधल्या नावाला तिनं आडनाव केलं होतं. म्हणजे ती रोज भर वर्गात माझ्या नवऱ्याचं नाव घेत होती आणि मी रोज त्याला ओ देत होते. मला इतकं हसू यायचं की ओ देताना पदर तोंडाला जायचा.

मग तो दिवस आला. धडा होता कुटुंबाचा. सेनेगलचा एक तरुण म्हणाला, माझ्या आईचं नाव अमुक. मोरोक्कोची बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याचं नाव तमुक. मार्ता माझ्याकडं वळली. तुझ्या नवऱ्याचं नाव काय?

मी गप्प.

आमच्या पिढीतल्या बायकांना हे सांगायला नको. वैजनाथ. लिहायला काही होत नाही, रकान्यात, रेशन कार्डावर, हजार वेळा लिहिलं आहे. तोंडानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, कारण तिथं ते कवितेत गुंडाळलेलं असतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणत, त्यांच्या आधी माझी आई म्हणे. परळीला दर्शनाला गेले तरी मी "परळीच्या महादेवाला जाऊन आले" असंच सांगते, कारण देवाचं आणि ह्यांचं नाव एक. मतदार यादीच्या कामाला खेडोपाडी जायचे तेव्हा बायका नवरा समोर बसलेला असला तरी शेजारणीला पुढं करत, "माय, सांग गं ह्यंचं नाव." मी कधी हसले नाही. मी शिकलेली बाई आहे, नावानं माणूस मरत नाही हे मला कळतं. पण कळणं डोक्यात असतं आणि नाव घशात अडकतं.

"शीतलचे वडील," मी मार्ताला म्हणाले. ती म्हणाली, हो, पण नाव? मी खाली बघून हसले. तिनं पुन्हा विचारलं. मी मान हलवली.

तास संपल्यावर मार्तानं मला थांबवून घेतलं. तिथलीच आणखी एक वयस्क बाई आली. दोघी माझ्या समोर खुर्च्या ओढून बसल्या आणि हळू, मायेनं बोलू लागल्या. मला दर दहा शब्दांतला एक कळत होता, आणि न कळलेल्या प्रत्येकाला मी "सी" म्हणत होते, म्हणजे हो. माझ्यासारख्या मास्तरणीला आपल्याला काही समजलं नाही असं सांगणं अवघड जातं. भीती वाटते का, हे मात्र कळलं. मला वाटलं स्पॅनिशची. "सी, मुचो," मी म्हणाले. फार. मग मार्तानं विचारलं, नवऱ्याचं नाव घेतलं तर काही होतं का? सी. काय होतं? आता हे कसं सांगावं? माणूस देवाघरी जातो असं दाखवायला मी उजवा हात वर उचलला.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मार्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या रीतींबद्दल तिला किती आपुलकी आहे असं वाटून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती मला घरापर्यंत सोडायला आली आणि दारात एन्कार्ना भेटली, तर तिच्याशी बाजूला जाऊन बराच वेळ हलक्या आवाजात बोलली.

दुसऱ्या दिवसापासून एन्कार्ना माझ्या हातात डबा द्यायची आणि ह्यांच्या तोंडावर दार लावायची. एकदा तिनं माझं मनगट धरलं, बांगड्या वर सारल्या आणि त्यांच्या वळाकडं बघून दात ओठ खाल्ले. संध्याकाळी हे चौकातून लवकर आले. खुर्चीत बसले, बूट काढेनात.

"आज मला गोळा दिला न्हाई," म्हणाले.

"कामून?"

"काय ठावं. मी तर त्यंच्यागत होला बी म्हनलो. बाकावर बसलो तर समदे उठून दुसऱ्या बाकावर गेले."

त्या संध्याकाळी मार्तानं शीतलला फोन केला. शीतल आधी गंभीर झाली, मग ओठ चावू लागली, मग फोन ठेवून खाली फरशीवर बसून हसली. "पप्पा, तुम्ही मम्मीला मारता म्हणं!"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी? हिला? आरं, मी हिच्याफुडं कदी मोठ्यानं बी बोललो न्हाई!" हे ते अशा आवाजात म्हणाले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

शीतलनं मार्ताला समजावलं. मार्तानं चौकातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं. दोन दिवसांत ह्यांचं पंचपद परत मिळालं. शीतल एन्कार्नाकडंही जायला निघाली, पण मी अडवलं. म्हटलं, माझी मैत्रीण आहे, मी सांगते. तीस वर्षं पोरांना भाषा शिकवली, एवढं मला जमेल.

माझं वाक्य

सकाळभर बसून मी वाक्य जुळवलं. वर गेले. एन्कार्ना बोरेज नावाची भाजी निवडत होती, लांब देठांची, केसाळ. मी समोर बसून देठ सोलायला घेतले आणि सांगायला लागले. माझा नवरा चांगला. मारत नाही. कधीच नाही. ती ऐकत होती. मग नाव का घेत नाहीस, तिनं विचारलं.

मला म्हणायचं होतं की आमच्याकडं जुनी माणसं असं मानतात, आणि मला त्याची सवय लागली आहे. मानतात, जुनी, सवय, यातला एकही शब्द मला येत नव्हता. येत होते ते मी लावले. "मी नाव घेते, नवरा मरतो."

ती सुरी घेऊन तशीच बसली. मला वाटलं कळलं नाही, म्हणून मी पुन्हा, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, शाळेत म्हणत असे तसं. बाई नाव घेते. नवरा मरतो.

एन्कार्नानं टीव्हीशेजारच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाली, आणि हे वाक्य मला पूर्ण कळलं, कारण त्यात एकही अवघड शब्द नव्हता: "मी तर दिवसभर घ्यायचे."

माझ्या हातातला देठ खाली पडला. नाही, नाही, तुझं नाही, आमच्याकडं, भारतात, असं काहीतरी मी बोलत राहिले. तिनं भाजी गोळा केली, मी दमले आहे म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडलं. दार तिनं हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. वरून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला. नाव आलं नाही. तिसऱ्या दिवशीही आलं नाही. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी रोज बोलणारी बाई माझ्यामुळं गप्प झाली होती. मला रडू आलं. जिन्यात भेटली की मी विचारायची, जेवलात का? "हो, आभार," म्हणून ती बाजूनं निघून जायची.

शेवटी मी शीतलला पाठवलं. तिनं नीट, शुद्ध स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. एन्कार्नानं तिला कॉफी दिली, गालाला हात लावला, काही नाही गं पोरी म्हणाली. आणि एकच विचारलं: तुझी आई हे खरंच मानते का?

"मग तू काय म्हनलीस?" मी विचारलं.

"थोडं मानते म्हटलं."

"खोटं सांगायचं की गं!"

"मम्मी, तिनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं."

म्हणजे आता शब्दांनी काही होणार नव्हतं. मी मानते की नाही हे मीच दाखवायला हवं होतं, आणि त्याला एकच वाट होती. पण वाट सोपी नव्हती. ह्यांना बीपी आहे. सासूबाईंचे शब्द कानात होते. आमचं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं आणि मी रोज दोन पायऱ्या चढून परत येत होते. ह्यांना विचारलं असतं तर हसून घे म्हणाले असते, पण मग ते माझं राहिलं नसतं. म्हणून विचारलं नाही.

बाल्कनी

निघायच्या दोन दिवस आधी मी पिठलं-भाकरी केली, जास्तीची केली, आणि बरोबर अडीचला वर गेले. एन्कार्नानं दार उघडलं. मी ताटली टेबलावर ठेवली, तिचा हात धरला आणि तिला घेऊन थेट बाल्कनीत गेले. ती म्हणत होती, काय आहे, काय आहे. मला उत्तर येत नव्हतं.

खाली चौकात ऊन होतं. हे पाठमोरे उभे होते, नवी टोपी घालून, कुणाचा गोळा जवळ आहे ते वाकून बघत. मी कठडा धरला. तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं.

"वैजनाथ," मी म्हणाले.

ते इतक्या हळू आलं की मलाही नीट ऐकू आलं नाही. पण एन्कार्नाला आलं. मार्ताच्या हजेरीतलं नाव तिला ठाऊक नव्हतं, तरी कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली ह्यांच्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. आणि हलकेच म्हणाली, "मास फुएर्ते." आणखी जोरात.

"वैजनाथ!"

हे वळले नाहीत. कसे वळतील? आई गेल्यापासून बाईच्या आवाजात कुणी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. त्यांना वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला. ते गोळ्यांमधलं अंतर बोटांनी मोजत राहिले. मला आता मागं जायचं नव्हतं. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचवायचे तो आवाज मी छातीतून काढला. "वैजनाथ! ओ वैजनाथ!"

आणि माझ्या शेजारून एन्कार्नाचा आवाज निघाला. "बाइखनात!" मला तो आवाज ऐकून समजलं की या बाल्कनीतून तिनं जन्मभर काय केलं असेल. एका माणसाला खालून जेवायला बोलावण्यासाठी तयार झालेला आवाज होता तो. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं ह्यांच्या कोपराला हात लावला आणि वर बोट दाखवलं.

ह्यांनी वर बघितलं. मी हात हलवला. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरला तो मला तिसऱ्या मजल्यावरून दिसला. ते पळत सुटले. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर आले, दारात कवाडाला धरून उभे राहिले, धापा टाकत, घामानं डबडबलेले, हातात लोखंडी गोळा तसाच.

"काय झालं? शीतलला काय झालं?"

"काय न्हाई झालं."

"मंग गावाकडून फोन आला? कोन गेलं?"

"कोनी न्हाई गेलं. जेवाय हाक मारली."

"कोन मारली?"

"मी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी एन्कार्नाकडं वळले, त्यांच्याकडं बोट केलं, आणि जवळ असलेल्या स्पॅनिशमधले दोन शब्द निवडून म्हणाले, "एस्ता बीबो." जिवंत आहे.

एन्कार्ना ह्यांच्याजवळ गेली. त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, विसरून राहिलेली वस्तू घरी परत आणल्यावर बघतात तसं. छातीवर तळहात ठेवला. हे कसे गोंधळले असतील, पण हलले नाहीत. तिच्या हाताखाली त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मग तिनं त्यांच्या मुठीतून तो गोळा काढून घेतला, टीव्हीशेजारी फोटोसमोर ठेवला, आणि एकदम हसायला लागली, डोळे वाहत असताना. "हेसूस," ती फोटोला म्हणाली, "हेसूस, बघ हा माणूस, गोळ्यासकट वर आलाय."

मी भिंतीला टेकले.

तिनं तीन ताटल्या काढल्या. पिठलं निवलं होतं, भाकरी वातड झाली होती, कुणी काही म्हणालं नाही. एन्कार्ना हेसूसच्या गोष्टी सांगत होती, हाक मारली की तो मुद्दाम कसा अर्धा तास उशिरा यायचा, आणि मला त्यातलं निम्मं कळत होतं. हे खाली मान घालून जेवत होते. मग माझ्याकडं थोडं सरकले आणि म्हणाले, इतक्या हलक्या आवाजात की हे आमचे कंट्रोलर आहेत हे मला खरं वाटेना:

"आजून एकडाव घे की."

मी त्यांच्या ताटलीत भाकरीचा चतकोर टाकला.

"वैजनाथराव," मी म्हणाले, "गुमान जेवा."